सरजाबाईची साक्ष

राजेश्रीसारखा ब्लाऊज पाथरीत कुणाला शिवता येत नव्हता, पण वेळेवर देणं तिलाच जमत नव्हतं. दुकानात एकोणीस ब्लाऊज अर्धे पडलेले. एकाची बाही जोडताना तिला दुसऱ्याचा गळा सुचायचा, त्याला जुळता दोरा आणायला ती बाजारात जायची आणि वांगी घेऊन परत यायची.

गल्लीतल्या मंजुषाच्या हळदीला मात्र हद्द झाली. नवरीच्या पिवळ्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या होत्या. अंगावर शाल घेऊन तिनं कशीबशी हळद लावून घेतली.

"आळस हाय, दुसरं काय," राजेश्रीची सासू सरजाबाई म्हणाली. राजेश्रीला रडू आलं. पहाटे पाचपासून पायाला भिंगरी लावून फिरणारी बाई, तिला आळशी म्हटलेलं फार लागलं.

तिचा नवरा भुजंग सेलूला कापसाच्या जिनिंगवर कामाला. त्यानं चौकशी करून परभणीच्या मानसोपचार डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि आईला सोबत जायला सांगितलं. सरजाबाई लगेच तयार झाली. शिकल्यासवरल्या माणसानं सुनेचा आळस एकदा कागदावर लिहून द्यावा, एवढीच तिची इच्छा होती.

डॉक्टरीणबाईंनी प्रश्नावली काढली. "हाती घेतलेलं काम अर्धवट राहतं का? कधी कधी, की नेहमी?"

"मॅडम, तुमच्या पडद्याची शिवण उसवलीय," राजेश्री म्हणाली.

"मी सांगते, तुमी लिवा," सरजाबाई पुढं सरकली. "दिवाळीला हिनं चाळीस करंज्यांच्या पाऱ्या लाटल्या, सारण केलंच न्हाई. नागपंचमीला दूध गॅसवर ठिवलं आन् शेजारणीची म्हैस व्याली म्हणून बघायला गेली. पातेलं जळालं. चावी तर फ्रिजात घावती."

तक्रारींची ही यादी तिनं दहा वर्षं मनात जपली होती, सणवारासकट. डॉक्टरीणबाई लिहीत राहिल्या. दुसरा कागद घ्यावा लागला.

"लहानपणी कशा होत्या?" त्यांनी विचारलं.

ते सरजाबाईला ठाऊक नव्हतं, म्हणून राजेश्रीनं आपल्या आईला, धुरपताबाईला, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दोन्ही विहिणींचं वर्षभर बोलणं बंद होतं.

"शाळेत गेली की दप्तर घरी, घरी आली की दप्तर शाळेत," धुरपताबाई म्हणाली. "मास्तर म्हणायचे, पोरगी हुशार हाय, पण बूड टेकत न्हाई."

"आमच्याकडंबी तसंच हाय," सरजाबाई म्हणाली. विहिणींचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं.

डॉक्टरीणबाईंनी आणखी बरंच विचारलं आणि मग पेन खाली ठेवलं. "हा आळस नाही. याला एडीएचडी म्हणतात. मेंदूची ठेवणच तशी असते, लहानपणापासून. लक्ष नसतं असं नाही, पण ते हवं तिथं लावणं आणि टिकवणं अवघड जातं. मुलींच्या बाबतीत पुष्कळदा कुणाला कळतही नाही."

सरजाबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी दहा वर्षं मी बोलले ते फुकटच?"

"तसं नाही. तुम्हाला इतकं आठवत होतं म्हणून मला नीट कळलं." मग त्यांनी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, "एका वेळी एकच काम समोर ठेवा. जवळ कुणी बसलं तरी फरक पडतो."

दोघी सरजाबाईकडं बघू लागल्या.

"माझ्याकडं काय बघायलाव?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मात्र गहू निवडायचं सूप घेऊन ती दुकानात येऊन बसली. मशीनवर एक ब्लाऊज ठेवला, बाकीचे ट्रंकेत घातले आणि किल्ली कमरेला खोचली. राजेश्री उठली की ती विचारायची, "कुठं?"

"दोरा आणायला, मामी," राजेश्री सासूला म्हणायची.

"कोणत्या ब्लाऊजचा?"

राजेश्री पुन्हा बसायची. कधी गोळी विसरायची, मग दोघींचं वाजायचं. सरजाबाईनं आता दूधवाल्याला आणि चुलत दिराला, व्यंकटरावांनाही तोच आजार असल्याचं ठरवून टाकलं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना तिला समजवावं लागलं की विसरभोळा प्रत्येक माणूस त्यातला नसतो.

दोन महिन्यांनी पंचफुला नावाची जुनी गिऱ्हाईक नेहमीसारखी नुसती चौकशी करायला आली. ब्लाऊज कधी होईल, असं विचारलं, तर राजेश्रीनं तो घडी घालून तिच्या हातात दिला. दिलेल्या तारखेला अजून एक दिवस बाकी होता. पंचफुलानं पिशवीसुद्धा आणली नव्हती. ती ब्लाऊज पदरात गुंडाळून निघून गेली आणि राजेश्री बराच वेळ दारात उभी राहून तिच्याकडं बघत राहिली.

सरजाबाईनं या वेळी मात्र "कुठं?" असं विचारलं नाही.