पंखे बंद होण्याचे दिवस

शिपाईमामांनी पाचवा पंखाही बंद केला आणि वाचनकक्ष इतका शांत झाला, की बाईंना स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

हवा गार झालीय, आता उन्हाळ्यापर्यंत यांना सुट्टी, असं म्हणत मामा गेले. खिडकीबाहेरची झाडं पिवळी पडली होती. दरवर्षी बाई या दिवसाची वाट बघायच्या. तेवीस वर्षं त्यांनी या कक्षाची शांतता राखली होती. कुणाची खुर्ची सरकली तरी त्यांची मान वर व्हायची. वाचायला येणाऱ्या मुलांनी त्यांचं नाव ‘चूपबाई’ ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा बाईंना राग आला नाही, उलट बढती मिळाल्यासारखं वाटलं.

यंदा मात्र त्यांनी पोटावर हात दाबून धरला आणि श्वास रोखला.

आतड्याच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते. तेव्हापासून पोटावर डाव्या बाजूला मळ साठवणारी पिशवी होती. पिशवीशी बाईंचं जमलं होतं. किती भरली की रिकामी करायची, भोवतालच्या कातडीला काय चालतं, काय चालत नाही, सगळं अंगवळणी पडलं होतं. स्वेटरचे दिवस आले, आता तर दिसणारही नाही, असं जो तो सांगायचा. पण दिसण्याची फिकीर होती कुणाला? आतड्याचं तोंड पोटावर आलं की हवा अडवायला दार उरत नाही, ती तिच्या मर्जीने बाहेर पडते, आवाज करत. नर्सने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आजवर पाच खडखड्या पंख्यांनी बाईंची लाज राखली होती.

सव्वाअकराला पोट बोललं. चांगलं लांबलचक, शेवटी वर चढलेलं, काहीतरी विचारल्यासारखं. चाळीस माना वर झाल्या. बाईंनी रजिस्टरात डोकं घातलं आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदाच आवाज कुणी केला हे शोधायला त्या उठल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी ग्रंथपाल साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. तक्रारपेटीत चिठ्ठी आली होती. साहेब माणूस चांगला, म्हणूनच त्यांना बाईंकडे बघवेना. ते पेपरवेटशी बोलल्यासारखे बोलत राहिले. मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांच्या याद्या करायच्यात, तिकडे कुणी फिरकत नाही, तुम्हाला निवांत मिळेल.

“मला निवांत नकोय, साहेब. मला माझी खुर्ची हवीय,” बाई म्हणाल्या.

मग साहेबांनी मधला मार्ग काढला: बाईंच्या टेबलावरचा एक पंखा चालू ठेवायचा. बाई हो म्हणाल्या, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

दोन स्वेटर, कानाला मफलर आणि वर गरगरता पंखा. चिठ्ठ्या उडत होत्या, नाक गळत होतं. हा पंखा लावलाय का शिक्षा दिलीय, असं मामांनी जाता जाता विचारलं. बाईंनी उत्तर म्हणून दोनदा शिंकून दाखवलं.

रविवारी सकाळी त्या न्हाणीघरात पिशवी बदलत होत्या. नात रांगत उंबऱ्यापर्यंत आली. तेवढ्यात पोट बोललं. नातीने कान टवकारले, खुदकन हसली आणि ओठ फुरफुरवून तसाच आवाज काढला. पोट पुन्हा बोललं. नातीने पुन्हा उत्तर दिलं. दोघींचं बराच वेळ चाललं. लेक खांद्यावर लंगोट टाकून आली होती, ती हसून हसून दारातच बसली.

हसू ओसरल्यावर लेकीने विषय काढलाच. सोड ना आई ती नोकरी, हिला सांभाळ, कशाला लोकांचं ऐकून घेतेस?

“मी कुठे ऐकून घेतेय गं,” बाई नवी पिशवी तळहाताने दाबून बसवत म्हणाल्या. “ऐकायचं त्यांना जड जातंय. आणि हिला सांभाळीन की, रविवारी.”

सोमवारी दहा वाजता बाईंनी पंखा बंद केला. मफलर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि त्या उभ्या राहिल्या. या खोलीत मोठ्याने बोलायची त्यांना सवयच नव्हती.

“माझ्या पोटावर पिशवी आहे. तिचा आवाज होतो. तो मला थांबवता येत नाही. आणि मी इथून जाणार नाहीये.” त्या जरा थांबल्या. “एवढंच. वाचा आता.”

वीसेक मिनिटं पानंच उलटत राहिली. मग पोट बोललं. खिडकीशी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीने ओढणी तोंडात कोंबली, पण खांदे गदगदा हलत होते. बाई उठून तिच्यापाशी गेल्या.

“पोटाला सांगून उपयोग नाही, तुला सांगता येतं,” त्या हळूच म्हणाल्या. “व्हरांड्यात जा, पोटभर हसून घे, मग ये.”

मुलगी गेली. पाच मिनिटांनी तोंड धुऊन परत आली, बाईंकडे एकदा बघितलं आणि पुस्तकात डोकं घालून बसली.

दुपारी साहेब आले. आधी बंद पंख्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

“अहो बाई, आपलं ठरलं होतं ना, की हा पंखा...”

“श्श!”

बाईंनी मान वळवली. खिडकीजवळची मुलगी होती ती. तिने पुस्तकातून डोकंही वर काढलं नव्हतं.

साहेब तोंड उघडं ठेवूनच थांबले. पोटाने मध्येच आपलं मत दिलं. या वेळी एकही मान वर झाली नाही. साहेबांनी बाईंकडे बघून, हरल्यावर हसतात तसं थोडं हसू आणलं आणि ते चवड्यांवर चालत दाराकडे गेले. दार त्यांनी अगदी जपून ओढून घेतलं, तरी ते करकरलंच.

बाईंनी कपाळाला आठी घातली. एक चिठ्ठी ओढली आणि मामांसाठी लिहिलं: दाराच्या बिजागरीला आजच तेल घालणे.