सास्तूरला आम्ही जमीन हलवली

आमच्या बँडचं नाव चौरस्ता. उमरग्याच्या चौरस्त्याजवळ शिवप्रियाच्या वडिलांचं पेंडीचं गोदाम आहे, तिथं आम्ही पहिल्यांदा वाजवायला बसलो, म्हणून ते नाव पडलं. बाहेर हैदराबाद रस्त्यावरून ट्रक जायचे आणि आत सरकीच्या पोत्यांना टेकून आम्ही असं काहीतरी वाजवायचो, की पेंड न्यायला आलेली माणसं पोतं खांद्यावर घेऊन दारातच थबकायची.

मी दीपाली. दिवसा एका दवाखान्यात एक्स-रे काढते, बँडमध्ये गिटार वाजवते. शिवप्रिया गाते आणि ट्रंपेट वाजवते. घरात ती कानडी बोलते, बाहेर मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. मल्लिनाथच्या घरात लग्नाच्या बँडचा धंदा, त्यामुळं ट्रॉम्बोन त्याच्या हातात लहानपणापासून. श्रीशैल बेस गिटारवर. आणि ड्रमवर समर्थ. हे सगळं त्याच्यामुळं सुरू झालं. आयटीआयसाठी तो पुण्याला गेला, तिथं कुणाच्या तरी मोबाइलवर त्यानं स्का पंक नावाचं धावतं विदेशी संगीत ऐकलं, आणि परत आला तो तेच डोक्यात घेऊन.

"ठोक्यावर मारू नको," त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "दोन ठोक्यांच्या मधी मोकळी जागा असती बघ, तिथं मार. खालून वर."

मला ती जागा सापडायला बरेच दिवस लागले. सापडली तेव्हा अंगावर काटा आला. माझी गिटार त्या फटीत टकटक करायची, वरून ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन वरातीसारखे गरजायचे, आणि समर्थ ते सगळं मागं कुत्रं लागल्यासारखं पळवायचा. मल्लिनाथचे काका शंभुलिंग एकदा ऐकायला आले. डोळे मिटून शेवटपर्यंत बसले आणि म्हणाले, "ताल चुकायलाय की रे तुमचा." मग खाली बघून म्हणाले, "आन् पाय का हलायलाय माझा?"

पहिला कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगला. पोरं खुर्च्यांवर परीक्षेला बसल्यासारखी बसून राहिली. दुसरा एका ढाब्याच्या उद्घाटनाला. तिथं एका ट्रक ड्रायव्हरनं क्लीनरला हाताला धरून मधे ओढलं, आणि बघता बघता टायरच्या दुकानातली माणसंही नाचायला लागली. त्यानंतर सोलापूर झालं, गुलबर्गा झालं, हैदराबादला तर दरवर्षी जायला लागलो. पुण्यातल्या एका हॉलमध्ये पोरांनी मधे मोठं रिंगण धरलं आणि गुडघे उचलून, कोपरं हलवत ती गोल गोल धावू लागली. कुणी पडलं, की चार हात त्याला उचलायचे. आमच्या गाण्यातला एक शब्दही न कळणारी माणसं आमच्यासोबत घसा फोडून ओरडत होती. माझ्या हातून निघालेली ती एवढीशी टकटक एवढ्या माणसांच्या अंगात शिरते, हे बघून मी दरवेळी थक्क व्हायचे. सवय अशी झालीच नाही.

'बायपास' नावाचं आमचं एक गाणं आहे. त्यात एका जागी सगळी वाद्यं एकदम गप्प होतात. समर्थ नुसत्या काड्या एकमेकींवर आपटून चार मोजतो, आणि चौथ्यानंतर सगळी गर्दी एकदम उडी मारते. मग प्रत्येक ठोक्याला उडी. लोक त्या गाण्यासाठीच यायचे.

मागच्या वर्षी आम्हाला सास्तूरचं बोलावणं आलं. समर्थचं गाव. यात्रेतल्या कुस्त्या संपल्या, की दिवस मावळायच्या आत आमचा कार्यक्रम. घरच्या माणसांपुढं वाजवायचं, म्हणून समर्थ आठवडाभर धड जेवला नव्हता.

दुपारी आम्ही त्याच्या आत्याकडं उतरलो. दैवशाला आत्या पंचावन्नच्या पुढच्या, हडकुळ्या, ताठ. शेळ्या राखतात. समर्थला त्यांनीच वाढवलं. भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं, तेव्हा मिळालेलं पक्कं घर आहे त्यांचं, पण त्यांची बाज बाहेर पत्र्याखाली. आम्हाला त्यांनी आत बसवून भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, आणि स्वतः उंबऱ्याच्या बाहेर बसून जेवल्या.

"आत्या, आत या की," मी म्हटलं.

"बरं हाय मला हितं."

नंतर सामान उतरवताना समर्थनं सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपात आत्याची तान्ही मुलगी पाळण्यात गेली. पहाटेची वेळ, आत्या पाणी प्यायला म्हणून उठून अंगणात आलेल्या. मागं वळेपर्यंत घर खाली आलं होतं. त्या दिवसापासून त्या पक्क्या छताखाली झोपलेल्या नाहीत. समर्थचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. त्यानं त्यांना घरात झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"संध्याकाळी येणार ना तुम्ही?" निघताना मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? हितूनच येतंय की ऐकू."

मैदान त्यांच्या घराला लागूनच होतं. दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलेलं. कुस्त्या बघायला आलेलं माणूस जागचं हललं नव्हतं, वरून आसपासच्या गावांतली पोरं मोटारसायकलींवर येऊन थडकली. एवढी गर्दी आम्ही कुठल्याच गावात पाहिली नव्हती. पहिल्या दोन गाण्यांत नुसतं बघत राहिली. तिसऱ्याला हनुवटीला आखाड्यातली लाल माती लागलेले दोन पैलवान एकमेकांचे खांदे धरून नाचायला लागले, आणि मग कुणी थांबेना. शिवप्रियानं ट्रंपेट आभाळाकडं करून असा सूर लावला, की झाडावरची वटवाघळं उठली. मल्लिनाथ ट्रॉलीच्या कडेला जाऊन ट्रॉम्बोनची नळी पार लोकांच्या डोक्यावर सरकवत होता. समर्थ हसत होता, ते माझ्या पाठीला कळत होतं.

मग आम्ही 'बायपास' घेतलं.

वाद्यं थांबली. समर्थनं मोजलं. आणि सगळं मैदान उडालं.

खाली आलं तेव्हाचा तो आवाज मी आधी कुठंच ऐकला नव्हता. हॉलमध्ये फरशी असते. इथं काळी माती होती, आणि तो दणका मातीच्या आतून आला. ट्रॉलीच्या फळ्या माझ्या तळपायाखाली थरथरल्या. दुसरी उडी. तिसरी. शिवप्रियानं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. आम्ही अजून जोरात वाजवलं.

तेवढ्यात गर्दीची घरांकडची कड फाटल्यासारखी झाली.

"भायेर या! भायेर या समदी! हलायलंय!"

दैवशाला आत्या अनवाणी धावत येत होत्या. पदर खाली लोळत होता आणि छातीशी शेजारच्या महादेवीचं तान्हं पोर कवटाळलेलं. लोकांनी वाट दिली. त्या थेट स्टेजसमोर मोकळ्या जागेत आल्या आणि पोरावर वाकून बसल्या. त्यांच्या मागं, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, म्हातारी माणसं घराबाहेर येऊन उभी होती. कुणी ओरडत नव्हतं. काहींनी हातानं भिंतीपासून दूर व्हायच्या खुणा केल्या होत्या आणि ते हात तसेच राहिले होते.

समर्थच्या हातातून काड्या गळून पडल्या. तो ड्रमवरून उडी टाकूनच खाली गेला.

"आत्या! अगं न्हाय, भूकंप न्हाय हा. आमी उड्या मारल्या."

"खोटं बोलू नको. भांडी वाजली माझी. फळीवरचा तांब्या पडला."

"व्हय, पण ते आमीच. ह्या पोरांनी. गाण्यात."

महादेवी धावत आली, तिनं आपलं बाळ घेतलं. बाळ गाढ झोपेत होतं. आत्या तशाच बसून गर्दीकडं बघत होत्या. गर्दीतली पोरं मान खाली घालून उभी होती.

बब्रुवान काका म्हणून गावातले एक जुने गृहस्थ पुढं आले. "बंद करा पोरांनो. तुमाला ठाऊक न्हाय, आमी काय बघितलंय ते. काळजाशी खेळू नका लोकांच्या."

बरोबर होतं त्यांचं. मी गिटारची वायर काढली. श्रीशैलनं आवाजाचं मशीन बंद केलं. एवढी वर्षं आम्ही लोकांना उड्या मारायला लावत होतो, आणि तो दणका खाली कुणाच्या पायापर्यंत पोचतो, हा विचार कधी मनाला शिवलाही नव्हता.

"थांबा," आत्या म्हणाल्या.

त्यांनी जमिनीवर तळवा टेकवला होता. "माणसांनी हलवली म्हनता?"

"व्हय, आत्या," समर्थ म्हणाला.

"मग परत हलवा. मला बघायचंय."

"दैवशाला, नको," बब्रुवान काका म्हणाले.

"दादा, त्या दिशी आपल्याला कुनी सांगितलं व्हतं का, आता हलनार म्हनून?" त्यांनी वर बघितलं. "आज ही पोरं सांगून हलवायलीत. बघू तरी द्या."

काकांनी श्रीशैलला मशीन परत चालू करायला सांगितलं. मग त्यांनी शिवप्रियाकडून माइक मागून घेतला आणि गल्ल्यांकडं तोंड करून म्हणाले, "ऐका. भूकंप न्हाय. पोरं उड्या मारायलीत. आता परत मारनार हायेत. ज्याला भ्या वाटतंय त्यानं हितं मैदानात येऊन हुबं ऱ्हावं."

माणसं आली. काठ्या टेकत, एकमेकांचा हात धरून. पोरांनी मागं सरकून त्यांना पुढची जागा दिली.

समर्थनं वर जाऊन काड्या उचलल्या. मी वायर परत जोडली. त्यानं फार सावकाश मोजलं. एक. दोन. तीन. चार.

गर्दी उडाली, खाली आली. आत्यांनी डोळे गच्च मिटले. तळवा मातीवर तसाच. दुसऱ्या उडीला त्यांनी डोळे उघडले. तिसरीला त्या उठून उभ्या राहिल्या, आणि एकदम त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून.

आम्ही थांबलो. सगळं मैदान थांबलं. ट्रॉलीच्या फळ्या थांबल्या. एवढ्या माणसांच्या धापांशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

आत्या पायाखाली बघत होत्या. पायाची बोटं त्यांनी मातीत रोवली होती. जमीन गप्प होती. त्यांनी हात खाली केला, आणि समर्थनं लगेच ठोका दिला. जमीन हलली. हात वर. जमीन थांबली. त्यांनी पुन्हा केलं. आणि पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी हसू म्हणणार नाही. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकला, की समोरच्या माणसाचा चेहरा होतो, त्याच्या जवळचं काहीतरी. शिवप्रियाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते न पुसता ट्रंपेट ओठांना लावून इशाऱ्याची वाट बघत उभी होती. हजारभर माणसं एका बाईच्या हाताकडं बघत होती. मी आयुष्यात एवढी मोठी गोष्ट पाहिलेली नाही, आणि त्यात मी वाजवतही होते.

शेवटी त्या दमल्या. "बास," म्हणाल्या. "आता वाजवा तुमचं तुमी." आणि बब्रुवान काकांच्या शेजारी जाऊन बसल्या. पुढची गाणी त्यांनी तिथंच बसून ऐकली.

निघताना समर्थनं हळूच विचारलं, "आत्या, आज आत झोपशील?"

"न्हाय रे. ती सवय हाय आता. वारं लागतंय भायेर." आणि त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "पन लई जोर हाय तुमच्यात."

परतीच्या वाटेवर टेम्पोत कुणी गाणी लावली नाहीत. मल्लिनाथ मधेच म्हणाला, "आपण काय करतो हे मला आज कळालं," आणि मांडीवरचा ट्रॉम्बोन पुसत राहिला.

यंदा यात्रा भरवणाऱ्या मंडळाच्या पोरांचा फोन यायचा होता. त्याआधीच आत्यांचा आला. "येनार न्हवं? आमच्या गल्लीतल्या बाया विचारायल्यात."

आम्ही गेलो, तेव्हा स्टेजसमोर त्यांच्या वयाच्या बायका नऊवारीचे काष्टे घट्ट खोचून रांगेनं उभ्या होत्या. चपला काढून कडेला ठेवलेल्या. मागं पोरं दाटलेली. मी वायर जोडली, समर्थकडं बघितलं. त्यानं काड्या उचलल्या, तेव्हा त्या बायकांनी एकमेकींचे हात धरले.

समर्थनं चार मोजले, आणि पहिली उडी त्यांनीच मारली.