नळीने सांगितलेला चोर

मेस्त्रीच्या गॅरेजसमोर इतकी माणसं जमली होती की समोरच्या न्हाव्याने अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून पायरी गाठली, आणि गालाला फेस तसाच ठेवून गिऱ्हाईकही त्याच्यामागे आलं. मधोमध एक मोटारसायकल स्टँडवर चढवली होती. त्या काळी गल्लीत मोटारसायकली मोजून चार, आणि मागे बसणाऱ्या चारही बायकांच्या पोटरीवर सायलेन्सरने दिलेला एकेक काळा डाग. त्यामुळे त्या नळीचा धाक घराघरात होता, आणि तिच्यावर हात ठेवून हसणाऱ्या गारबाबाचा दरारा त्याहून मोठा.

"अग्नी कोण?" गारबाबाने गर्दीला विचारलं. "माझा धाकटा भाऊ! थोरल्यासमोर धाकटा आवाज चढवतो का?"

"आमच्याकडे चढवतो!" मागून कोणीतरी म्हणालं.

"तुमच्याकडे चढवत असेल. तुम्ही तसलेच!"

लोक हसले. बाबाने बादलीतून फिकट पिवळ्या, विणलेल्या पट्टीची भिजलेली गुंडाळी काढली आणि नळीवर इंजिनपासून मागेपर्यंत वेढे देत तारेने बांधली. "हे अभिमंत्रित वस्त्र. याला स्नान घातल्याशिवाय हात लावायचा नाही. मेस्त्री, मार किक!"

गाडी धडधडली. बाबाने लगेच तळहात पट्टीवर ठेवला आणि बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला. हात जसाच्या तसा. टाळ्यांनी पत्र्याचं छप्पर थरथरलं. थोड्या वेळाने पट्टीतून पांढरा धूर निघू लागला.

"पाप चाललं, पाप!" बाबा गरजला.

"बरंच होतं की हो," न्हावी खोकत म्हणाला.

"सेकंडहँड आहे," मेस्त्रीने खुलासा केला. "आधीच्या मालकाचं."

पुढच्या रांगेत बॉयलरमावशी उभ्या होत्या. उमेदीच्या वयात त्यांनी बारा वर्षं बॉयलरच्या कारखान्यात काम केलं होतं, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. त्या पगारातून केलेली सोन्याची एकुलती एक बांगडी आठ दिवसांपूर्वी कपाटातून गेली होती. आज दोन्ही सुनांना घेऊन त्या आल्या होत्या. धाकटा मुलगा कामावर गेलेला असेल अशीच वेळ त्यांनी बघून ठेवली होती.

सकाळी गॅरेजच्या आतल्या खोलीत बाबाने त्यांना हळुवारपणे विचारलं होतं, "संशय कोणावर आहे, आई?"

"धाकटीवर. घरात आल्यापासून तोंड वर करून बोलते."

"काळजी नको. नळी बोलेल."

आता बाबाने जाहीर केलं, "निर्दोष हाताला नळी गार. चोराच्या हाताला निखारा! पाच आकड्यांच्या आत हात काढला, तरी चोर!"

धाकटी मागे सरकली. "आई, मी नाही घेतली. तुमच्या पायावर हात ठेवून सांगते."

"नाही घेतलीस ना? मग घाबरतेस कशाला?"

"घाबरते कारण ती गरम नळी आहे!"

त्या गर्दीत त्या दिवशी बोललं गेलेलं हे एकच शहाणं वाक्य, आणि त्याच्यावर लोक पोट धरून हसले.

"माझा हात गेला तर काजं कोण करणार?" ती रडकुंडीला आली. शिवणखान्यात शर्टांची काजं ती हाताने करायची. तिच्या टाक्याला मालक नावं ठेवू शकत नसे.

"हात जातो चोराचा," एक म्हातारी म्हणाली. "तुझं काय जातंय?"

आधी थोरली. बाबाने तिचा हात नळीच्या मागच्या टोकाला ठेवला. पाच मोजले. हात गार. थोरलीने तो झेंड्यासारखा वर धरला. मग पाव तास बाबाचं प्रवचन झालं. सत्य म्हणजे काय, स्त्री म्हणजे काय, लोभ म्हणजे काय. मेस्त्री मधूनमधून गाडी रेस करत होता. "देवाला आवाज लागतो," बाबा म्हणाला.

मावशी नळीजवळ उभ्या होत्या. पट्टीचं एक सुटं टोक त्यांच्या मनगटाला घासत होतं आणि तिथे खाज सुटली होती. बारीक, टोचरी, खाजवलं की वाढणारी. ही खाज ओळखीची होती. पण माणसाला जे ऐकायचंच असतं, त्याच्या आड तो स्वतःच्या कातडीलाही येऊ देत नाही. मावशींनी मनगट लुगड्याला पुसलं.

"तू इथे," बाबाने धाकटीला इंजिनाजवळचं वळण दाखवलं.

दोन बायकांनी तिचे खांदे धरले. मनगट मावशींनी धरलं. 'दोन'ला धाकटी किंचाळली. 'तीन'ला तिने हात ओढला. मावशींनी सोडला नाही. बाबा सावकाश मोजत होता, आणि त्याने 'पाच' म्हणेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

"चोर! चोर!" गल्ली ओरडली. गालावर फेस वाळलेलं गिऱ्हाईक सगळ्यांत मोठ्याने.

"भस्म लावा," बाबा म्हणाला. "आणि बांगडी कुठे आहे ते विचारा."

धाकटी खाली बसली होती. तळहाताची साल नळीवर राहिली होती, आणि उघड्या मांसात काहीतरी चमकत होतं. मावशी वाकल्या. केसाहून बारीक, चकचकीत तुसं. त्यांनी भस्म लावायला पुढे आलेला हात झटकला, नळाखाली धाकटीचा हात धरला, आणि बादलीत उरलेल्या पट्टीचा एक धागा ओढून नखाने चिरला.

कारखान्यातलं गुंडाळणी खातं. लांबच लांब शेड, चाळीस बायका, वाफेच्या नळ्या आणि हीच पट्टी. काचेच्या धाग्याची. दिवसभर गुंडाळायची, आणि घरी गेल्यावर लेकराला उचलून घ्यायच्या आधी तासभर हात धुवायचे. पट्टी भिजवायची, म्हणजे तुसं उडत नाहीत आणि वेढा घट्ट बसतो. पहिल्यांदा वाफ सोडली की पट्टीतली खळ जळायची, शेड धुराने भरायची, चाळीसही जणी खोकत हसायच्या. बारा वर्षं. आणि आज ओळखायला एका पोरीचा तळहात लागला.

"मेस्त्री, मेणबत्ती दे," मावशी म्हणाल्या.

"दिवसाउजेडी?"

"दे म्हणते ना!"

धाकटीचा हात नळाखाली ठेवायला न्हाव्याला बसवून त्या गाडीपाशी आल्या. मेणबत्ती त्यांनी पेटवली नाही. आधी नळीच्या मागच्या टोकाला टेकवली आणि पाच मोजले. मेण घट्टच. मग इंजिनाजवळच्या वळणाला टेकवली. दोन म्हणेपर्यंत मेणाचा ओघळ जमिनीवर.

"मेणबत्तीने कोणाची बांगडी चोरली रे?" त्यांनी गर्दीला विचारलं.

मग पट्टीचा चिरलेला धागा वर धरला.

"हे काचेच्या धाग्याचं कापड आहे. कारखान्यात पोत्याने पडलेलं असायचं. उष्णता अडवतं, पण उशीर करतं इतकंच, ती थांबवत नाही. मागे बघा, एकावर एक तीन वेढे. आणि इथे? एक, तोही विरळ. याने स्वतः हात ठेवला तेव्हा कापड ओलं होतं, गाडी नुकती चालू झालेली. थोरलीचा हात मागे, तीन थरांवर. मग पाव तास गाडी रेस करून पाणी उडवलं, नळी तापवली, आणि धाकटीला इथे उभं केलं."

"नळीला सगळं कळतं!" बाबा ओरडला. "तिने नेमका चोर ओळखला!"

"नळीला काय कळतंय! सकाळी तू मला विचारलंस, संशय कोणावर. मी नाव सांगितलं. नळीने तेच नाव मला परत दिलं."

बाबा पिशवी उचलू लागला. पण गर्दीचं वारं फिरलं होतं. ज्या दोन बायकांनी धाकटीचे खांदे धरले होते त्यांनीच बाबाला धरलं, फेसवाल्या गिऱ्हाइकाने त्याचा हात पकडला आणि इंजिनाजवळच्या वळणावर दाबला. सगळी गल्ली एका सुरात मोजत होती. मावशी "सोडा, सोडा" म्हणत होत्या, पण त्यांचं ऐकायला पाचपर्यंत कोणाला वेळ नव्हता. बाबाची किंकाळी धाकटीच्या किंकाळीपेक्षा वेगळी नव्हती.

"आता कळलं खरा चोर कोण!" गिऱ्हाईक आनंदाने म्हणालं.

"काय कळलं तुला, गाढवा?" मावशींचा आवाज फाटला. "त्याचा हात भाजला, एवढंच कळलं. तो लबाड आहे हे मेणाने सांगितलं, त्याच्या फोडांनी नाही. अजून तुमचा त्या नळीवर विश्वास आहेच!"

गिऱ्हाइकाने गालावरचा फेस खरवडला. लोक पांगले. बांगडी पुढे कधीच सापडली नाही. कोणी नेली ते त्या घराला शेवटपर्यंत कळलं नाही. धाकटीचा हात तीन महिन्यांनी भरला, पण दोन बोटं आकडलेलीच राहिली आणि सुई त्यांत ठरेना. शिवणखान्याने दुसरी बाई ठेवली. धाकटा मुलगा बायकोला घेऊन वेगळा झाला.

निघायच्या दिवशी ट्रंक बांधताना मावशी मदतीला वाकल्या, तेव्हा धाकटीने प्रथमच विचारलं, "आई, एक सांगाल? ते कापड तुमच्या ओळखीचं होतं. पट्टी तुमच्या हाताला लागत होती. ती मेणबत्ती माझ्या हाताच्या आधी का नाही आठवली?"

मावशींनी ट्रंकेची दोरी आवळली, परत सोडली, परत आवळली.

"कारण तू चोर ठरायला हवी होतीस मला," त्या म्हणाल्या.

धाकटीने मान हलवली आणि दोरीची गाठ डाव्या हाताने स्वतःच मारली.

त्यानंतर गल्लीत कोणी कसला चमत्कार घेऊन आलं की मावशी पुढच्या रांगेत जाऊन बसत आणि पहिला प्रश्न विचारत. लोक म्हणत, म्हातारीचा कशावर विश्वासच नाही. त्या म्हणत, "विश्वास ठेवा, कोण नको म्हणतंय? पण आधी तपासा. आणि उत्तर आपल्या मनासारखं येत असेल ना, तर दोनदा तपासा. मनासारख्या उत्तराला माणूस प्रश्न विचारत नाही, आणि चटका बसतो तो दुसऱ्याच्या हाताला."