करडी की निळी

नेरिसला दोन सायकलींतून एक निवडायची होती. दोन्ही डोंगरवाटांसाठीच्या, दोन्हींचं सस्पेन्शन बेताचंच. निळी चढाला हलकी होती, करडी थोडी जड. दुकानदाराने दोन्ही शनिवारभर चालवून बघायला दिल्या होत्या.

सोबत सायकल क्लबातला गेथिन आला होता आणि सकाळपासून करडीचंच कौतुक करत होता. नेरिसला ते खटकलं. पुढच्या महिन्यात क्लबाची शर्यत होती आणि चढावर गेथिनला मागे टाकणारी ती एकटीच होती.

दोन्हींवर जंगलातून फेरी मारून ती चिखलाने माखून परतली. थर्मासमधला चहा ओतत तिने विचारलं, "दुकानदार तुझा कोण लागतो रे?"

"कोणी नाही."

"मग करडी माझ्या गळ्यात का मारतोयस? चढावर मी रखडले की तुझं फावेल, म्हणून?"

गेथिनने बुटाचा चिखल खरवडला. मग म्हणाला, "गेल्या वर्षी तू इथेच ओल्या मुळांवरून घसरलीस, तेव्हा मागे मीच होतो. तुझं खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज ऐकलाय मी. निळी उताराला बिचकते, नेरिस."

तिचा पुरता विश्वास बसेना. ती निळी घेऊन पुन्हा वर गेली आणि त्याच मुळांवरून खाली उतरली. हातातलं हँडल खरंच थरथरत होतं.

तिने करडी घेतली. शर्यतीत गेथिन चढावर तिच्या पुढे निघून गेला, तेव्हा मात्र तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकलीच.