शिवणीवरचा गोंद

व्यालेल्या म्हशीजवळ परकं कुत्रं आलं आणि ती उधळली. मध्ये रायबा, माझा नवरा, सापडला. शिंग त्याच्या पोटात घुसलं. आमचा वाडा, म्हणजे म्हशीवाल्यांची वस्ती, पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावर, तिथे गाडी येत नाही. बांबूला घोंगडीची झोळी बांधून माणसांनी त्याला खाली उतरवलं आणि जीपमधून महाडला नेलं. वाटेत शुद्ध आली की तो एवढंच विचारायचा, "रेडकू पाजलं का गो?"

डॉक्टर ऑपरेशन मध्येच ठेवून बाहेर आले. तोंडावरचं फडकं त्यांनी खाली ओढलं.

"आतडं फाटलंय. फाटका भाग मी काढलाय. पण पोटात घाण सांडली आहे. अशा जागी दोन टोकं जोडली तर शिवण गळायची भीती फार. माझं मत विचाराल तर आतड्याचं तोंड सध्या पोटावर काढू. शी पिशवीत येईल. काही महिन्यांनी परत आत घालू."

बाकावर माझा दीर सयाजी आणि चुलत सासरे धोंडूमामा बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला तिथेच कळलं. दसऱ्याला देवाची काठी आमच्या घरातल्या थोरल्या लेकाने उचलायची, म्हणजे रायबाने. काठीला हात लावणाऱ्याचं अंग सोवळं लागतं. पोटावर विष्ठेची पिशवी बांधलेला माणूस काठीजवळ उभा राहणार कसा? आणि दसरा तोंडावर आलेला.

"औंदाचा दसरा जाऊ द्या," मी म्हणाले. "मानूस राह्यला तर फुडचा येल."

"वयनी, तू गप ऱ्हा," सयाजी म्हणाला. "दादानं उठून सोताचं पोट बघितलं तर जीव देल तो." त्याचे डोळे भरले होते. त्या वेळी त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन. त्याने डॉक्टरांना विचारलं, "शिवन गळू नये असा काय विलाज नाय?"

"एक गोंद मिळतो. रक्तातल्याच द्रव्यांपासून केलेला. शिवणीवर लावला की वर पातळ थर धरतो. पण तो नुसता आधार. त्याच्या भरवशावर मी पिशवी टाळणार नाही."

"पन लावता येतो ना?"

"येतो, पण—"

"मंग लावा. आमी पत्र्याचं भोक डांबरानं बुजवताव. अख्खा पाऊस जातो, थेंब गळत नाय."

"पत्रा हलत नाही, दादा. आतडं सारखं हलतं." डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"बाईमानसाला काय इचारता?" धोंडूमामा म्हणाले. "घरातला वडील मी हाय. जोडा नि गोंद लावा."

मला वाटलं, डॉक्टर पुन्हा मला विचारतील. पण त्यांनी कागद मामांपुढे धरला, अंगठा घेतला आणि आत गेले.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. रायबा चहाचे घोट घेऊ लागला. सयाजी वॉर्डभर सांगत फिरायचा, "भाएरच्या देशातला गोंद हाय. फाटलं तर दुसरीकडं फाटंल, तिथं नाय."

शेजारच्या खाटेवर चंपाबाईचा मुलगा होता. ती वरंधची. ऐकून ऐकून कंटाळली आणि म्हणाली, "उरला असंल तर जरा तुझ्या तोंडाला पन लाव रे!"

रायबा हसला आणि पोट धरून कळवळला. आम्हाला वाटलं, हसल्याने टाके ओढले असतील. संध्याकाळी अंग तापलं. पोट टणक झालं. पोटातून काढलेल्या नळीत आधी फिकट पाणी यायचं, ते हिरवट झालं, आणि त्याला जो वास आला तो कशाचा हे मला कुणी सांगायला नको होतं.

पोट पुन्हा उघडलं. आतड्याचं तोंड बाहेर काढलं. जी पिशवी नको म्हणून एवढं केलं, तीच लागली, आणि पोटभर पू होऊन.

"नि गोंद?" सयाजीने विचारलं.

"खालचं आतडंच सुटलं," डॉक्टर म्हणाले. "गोंद कशाला धरून राहणार?"

रायबा वाचला. हाडांचा सापळा होऊन घरी आला. त्या दसऱ्याला काठी सयाजीने उचलली. रायबाला गोठ्याच्या पडवीत बसवलं होतं. पिशवी मी बदलायचे, धुवायचे. बायका बोलायच्या माझ्याशी, पण आमच्या घरचं पाणी कुणी घेत नसे.

आतडं परत आत घालायचं काम काही महिन्यांनी व्हायचं होतं, ते पू झाल्यामुळे लांबलं. वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता करू. मी घरी सांगितलं, तर सयाजी म्हणाला, "आता कशाला परत पोट फाडायचं, वयनी? दादाला सवय झालीय." एका दसऱ्यात त्याला काठीची सवय झाली होती.

मी कुणाला न विचारता रायबाला एसटीने महाडला नेलं. या वेळी कागद माझ्यापुढे आला. गोंदाचं नाव कुणी काढलं नाही. शिवण धरली.

दसऱ्याला रायबाने आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला, मुंडासं बांधलं आणि देवापुढे जाऊन उभा राहिला. काठी सयाजीच्या हातात होती.

"रायबा, मागं हो," धोंडूमामा म्हणाले. "अंग कापलेलं हाय तुझं. देवाला चालत नाय."

"तुमीच जोडा म्हनलाव ना, काका?"

"ते तुझ्याच मानासाठी केलं रे!"

रायबाने सयाजीकडे पाहिलं. सयाजी खाली बघत होता. काठीवरची मूठ मात्र त्याने सोडली नाही. कुणीतरी ढोलावर टिपरी मारली.

रायबा माघारी आला. मुंडासं सोडून खुंटीला अडकवलं आणि म्हशी सोडल्या. मीही निघाले. नेहमीच्या कुरणावर ढोल ऐकू येत होता, म्हणून आम्ही म्हशी आणखी वर, चारा नसलेल्या, उघड्या कातळाच्या सड्यावर नेल्या.