दोन कोऱ्या जागा

मित्रांनो, गावात शिरताना पिठाच्या गिरणीसमोर तीन रस्ते मिळतात. तिथे जो काळा, कडा झिजलेला दगड उभा आहे, तो मी. पूर्वी लोक मला स्मारक म्हणत. आता कुणी काहीच म्हणत नाही.

माझा जन्म खाणीतला. पाथरवटाने मला घासूनपुसून गुळगुळीत केले आणि लढाईवरून न परतलेल्या सात जवानांची नावे माझ्या छातीवर कोरली. ही पोरे त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेली, त्यामुळे छिन्नी चालवताना तो सारखा डोळे पुसायचा. त्यांत गिरणीवाल्याचा जावई होता, टपाल वाटणारा होता, सुताराचा धाकटा होता. आणि शिंपीणकाकूंचा एकुलता एक मुलगा होता. तो इतका हडकुळा, की सारे गाव त्याला 'दोरा' म्हणे. फौजेवाल्यांनी याला बुटांसकट वजनकाट्यावर उभा केला असणार, अशी थट्टा चाले.

मला उभे केले त्या दिवशी फुलांनी मी झाकून गेलो. "यांना आम्ही कधीही विसरणार नाही," असे सगळे म्हणाले. मला ते खरे वाटले.

पुढच्या वर्षी एका दुपारी कुबडीवर रेलत एक माणूस माझ्यासमोर थांबला. तो सुताराचा धाकटा होता! तो शत्रूच्या कैदेत होता आणि इकडे मेल्याची खबर आली होती. त्याने स्वतःचे नाव वाचले.

"घ्या! जिवंतपणी कुणी साध्या पाटीवर नाव लिहिलं नाही, आणि मेल्यावर थेट दगडात!" असे म्हणून तो खदखदून हसला. मग मलाच धरून रडू लागला. केसांत लाकडाचा भुसा घेऊन त्याचा बाप धावत आला. त्याने पोराला कुबडीसकट मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी पाथरवटाने ते नाव खरवडून काढले. घाव माझ्यावर पडत होते, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तेवढ्यात गर्दीतून शिंपीणकाकू पुढे आल्या. माप घ्यायची फीत गळ्यात तशीच लटकत होती.

"माझ्याही लेकाचं नाव काढ," त्या म्हणाल्या.

"अहो काकू, त्याची तर पक्की खबर आली होती," पाथरवट चाचरत म्हणाला.

"याची कच्ची होती का रे?"

सुताराचा धाकटा मान खाली घालून म्हणाला, "काकू, मी होतो त्याच्याजवळ. माझ्या या हातांनी त्याला माती दिली."

काकूंनी त्याच्याकडे टक लावून पाहिले. "खोटं बोलतोस. तू आलास, मग तो का नाही येणार?"

त्या दिवसापासून काकू रोज यायच्या आणि कात्रीच्या टोकाने दोऱ्याचे नाव खरवडायच्या. लोक समजावून थकले. दर वर्षी त्या त्याच्यासाठी एक सदरा शिवत, आणि तो आधीच्यापेक्षा जरा सैल. "आता अंगानं भरला असेल," म्हणत. मित्रांनो, नाव पुसल्याने तो आला असता तर मी स्वतःहून भुगा झालो असतो. पण मी दगड. मला त्यांचा हात धरता येत नव्हता आणि त्यांना आशाही देता येत नव्हती. शेवटचे अक्षर गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत काकूही गेल्या. सदऱ्यांची चळत घरात तशीच राहिली.

सुताराचा धाकटा मात्र येत राहिला. माझ्यासमोर उभा राहून तो सहाही नावे मोठ्याने घ्यायचा, पुसलेलेसुद्धा. गेल्या वर्षी तोही वारला.

आता माझ्या पाठीला कपडे वाळवायची दोरी बांधली आहे. दुधाची गाडी वळताना माझा एक कोपरा उडाला. मध्यंतरी एक बाई शाळेच्या मुलींना घेऊन आल्या होत्या. एका मुलीने माझ्या छातीवर बोट ठेवून विचारले, "बाई, इथे दोन जागा रिकाम्या का?"

"दगडच तसा असेल गं," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

एक जागा परत आलेल्याची आणि एक कधीच न आलेल्याची. दोन्ही अगदी सारख्या दिसतात. दोऱ्याचे खरे नाव मला पाठ आहे, पण कोरल्यावाचून मला ते कुणाला दाखवता येत नाही.

म्हणून मित्रांनो, माझ्यासाठी फुले आणली नाहीत तरी चालेल. गावात अजून एक-दोन म्हातारी माणसे आहेत. त्यांना ऐकू कमी येते, तेव्हा जवळ बसून जरा मोठ्याने विचारा, "काकूंच्या मुलाचं नाव काय होतं?" कुणाला तरी आठवत असेल. पण लवकर विचारा.