खालच्या ओठावरचा ठिपका

खालच्या ओठावर, मध्यापासून किंचित डावीकडे, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. रुंदी अर्धा मिलिमीटर. वरच्या ओठावर तसा नाही, डोळ्यांतही नाही. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असतानाच तिला आठवलं — सहा महिन्यांपूर्वी हा मी मोजला होता, वहीत 'चकाकी' असं लिहिलं होतं आणि चित्राच्या पुढच्या चौकोनाकडे वळले होते.

चित्रातली बाई खिडकीशी बसलेली, हात चेहऱ्यासमोर, बोटांची टोकं जुळलेली, डोळे बारीक. चित्राचं नाव 'प्रार्थना'. संग्रहालयाच्या संचालकांनी या एका चित्रावर आख्खं पुस्तक लिहिलं होतं — त्या काळातली श्रद्धा, घरातल्या बाईचं एकाकीपण, शरण जाण्याची मुद्रा… आणि ते तिनं दोनदा, मन लावून वाचलं होतं.

मग दोन महिन्यांपूर्वी आत्या आली, भाची कुठे काम करते ते बघायला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवणारी, त्यावरच तिला वाढवणारी आत्या चित्रासमोर उभी राहिली आणि हसायलाच लागली.

"प्रार्थना कसली गं? दोरा ओवतेय ती!"

"आत्या, हळू बोल ना."

"अगं, ओठ बघ. दोऱ्याचं टोक आत्ताच ओलं केलंय. आणि बसलीय कशी बघ, हाताची सावली कामावर पडू नये अशी. काढणाऱ्याच्या घरात कुणीतरी शिवणारं असणार. तुम्ही शिकलेली माणसं… बटण तुटलं की येता माझ्याकडे!"

मग सुई कुठाय, असं ती विचारणार होती; पण बोटांमधली ती बारीक रेघ — कुण्या जुन्या दुरुस्तीत रंगाखाली गेलेली, फक्त इन्फ्रारेड छायाचित्रात दिसणारी — तिच्याच अहवालात होती. 'ओरखडा. लांबी एकोणीस मिलिमीटर. एका टोकाला निमुळता.' निमुळता, हेही लिहिलं होतं मी… किती नीट लिहिलं होतं! आणि त्या चित्रकारानं कितीदा, किती जवळून पाहिलं असेल शिवणाऱ्या बाईकडे, की दोन ओठांतला नेमका कुठला ओला होतो हे त्याला ठाऊक होतं. आणि आत्यानं ते मिनिटभरात वाचलं.

तरी दोन महिने ती गप्प राहिली. अहवालात संदर्भाचा रकाना असतो — ग्रंथ, पान, वर्ष. तिथे काय लिहायचं? इथे सगळ्यांना तिनं सांगून ठेवलं होतं, आत्या कपड्यांच्या व्यवसायात आहे… व्यवसायात! तो शब्द आठवून आत्ताही तिचे कान तापले.

दार उघडलं. संचालक नव्या फलकाचा मजकूर घेऊन आत आले.

"मॅडम, एवढी सही करा, छपाईला जातोय. तुमच्या प्रयोगशाळेचं नाव असलं की कुणी शंका घेत नाही."

तिनं कागद वाचला. पहिल्याच ओळीत 'प्रार्थनेत लीन'. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. आवाज, तिचं तिलाच नवल वाटलं, अगदी नेहमीचा निघाला.

"सर, मी सही नाही करणार. ती सुईत दोरा ओवतेय. माझा अहवाल चुकलाय, तो मी बदलतेय — आणि संदर्भात माझ्या आत्याचं नाव लिहितेय. ती लोकांचे कपडे शिवते."